परसदारचा रस्ता

नकाशावर बोट फिरवीत हरिहरेश्वरपर्यंत आले की रस्ता संपला असे वाटते. माणगावच्या बाजारात मुंबई-गोवा महामार्ग सोडायचा, मोर्बा, साई, म्हसळा करीत किनाऱ्याकडे उतरायचे, आणि सावित्री नदीच्या मुखापाशी, जिथे देवळामागची प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून थेट खडकांवर आणि लाटांच्या तोंडाशी जाते, तिथे थांबायचे. दक्षिण काशी म्हणून नावाजलेले हे गाव त्यामुळे प्रवासवर्णनांतही ‘टोकाचे’ म्हणूनच येते. पण चार-पाच किलोमीटरवरच्या बागमांडल्याच्या धक्क्यावर उभे राहिले की हा समज टिकत नाही. समोर खाडीपलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो, वेश्वीहून निघालेली जंगलजेटी मोटारी, दुचाकी आणि माणसे घेऊन अलीकडे येत असते. तिथला रस्ता पाण्यावरून पुढे रत्नागिरी जिल्ह्यात जातो. बोट नसेल तर त्याच पलीकडच्या काठावर जायला आंबेतपर्यंत मागे जाऊन, पूल ओलांडून, मंडणगडावरून पुन्हा समुद्राकडे यावे लागते. अख्खी सकाळ त्यात जाते. महामार्ग बदलला की जुन्या रस्त्याचे काय होते, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी महामार्गापासून इतक्या दूरचे गाव का निवडले, याचे उत्तर या खाडीच्या इतिहासात आहे. एक मोठा बायपास इथे फार पूर्वीच होऊन गेला. त्याला तेव्हा कोणी बायपास म्हटले नाही, एवढेच.

सावित्री हा एकेकाळी या भागाचा हमरस्ता होता. भरतीच्या पाण्यावर गलबते महाडपर्यंत चढत. घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल महाडला पाण्यावर चढे आणि बाणकोटच्या मुखातून मुंबईकडे जाई. या मुखाचे मोल परक्यांनीही ओळखले होते. इंग्रजांनी १७५६ मध्ये पेशव्यांशी केलेल्या तहात बाणकोट आपल्याकडे घेतले आणि त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. मुंबईबाहेर कोकणात त्यांनी धरलेल्या पहिल्या जागांपैकी ही एक. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणाचा कारभार काही काळ बाणकोटातूनच चालला आणि १८२२ च्या सुमारास तो जास्त मध्यवर्ती अशा रत्नागिरीला हलला. उत्तरेला हाकेच्या अंतरावर श्रीवर्धन, पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव. म्हणजे आज आपण ज्याला टोक म्हणतो ती त्या काळची ओटी होती. येणारा-जाणारा तिथून आत यायचा. नंतरच्या शतकात आगबोटी आल्या तेव्हाही कोकणचा मुंबईशी संबंध बंदरांतूनच होता.

हा पाण्याचा रस्ता मागे पडला त्याला सबळ कारणे होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या बोटी बंद होत आणि किनारा चार महिने मुंबईला पारखा होई. जवळच्या फेऱ्या चालू ठेवण्याची किंमत किती भयंकर असू शकते हे १७ जुलै १९४७ रोजी दिसले. त्या दिवशी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. बारा महिने चालेल असा खुष्कीचा मार्ग कोकणाला हवाच होता. तो आखताना अभियंत्यांसमोर खाड्यांचा प्रश्न उभा राहिला. समुद्राजवळ प्रत्येक खाडी रुंद, पूल लांब, पाया खोल आणि खर्चिक. जसजसे आत जावे तसतसे पात्र अरुंद होते आणि भरतीचे पाणी जिथे संपते तिथे साध्या पुलाने काम भागते. म्हणून पनवेलहून निघालेला महामार्ग सावित्री ओलांडतो महाडला, जगबुडी खेडला, वाशिष्ठी चिपळूणला, शास्त्री संगमेश्वरला. ही सगळी गावे मुळात खाडीच्या शेंड्यावरची बंदरे किंवा पेठा होत. महामार्गाने त्यांना एका उत्तर-दक्षिण दोऱ्यात ओवले. पूर्वी यांतले प्रत्येक गाव आपापल्या खाडीने खालच्या बंदराशी जोडलेले होते. दोरा ओवला गेला आणि आडवे धागे सुटले. बाणकोट, दाभोळ, जयगड ही मुखाची बंदरे अशी एका पिढीत बाजूला पडली. ओटीचे परसदार झाले.

परसदार म्हणजे टाकून दिलेली जागा नव्हे, हे कोकणातल्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. विहीर तिथे असते, वापर दिवसभर तिथलाच असतो, आणि पुढच्या दाराशी काही अडले तर घरातली माणसे तिथूनच बाहेर पडतात. जुन्या रस्त्यांकडे पाहण्याची आपली सरकारी रीत मात्र केवळ ओटीपुरती आहे. माझे म्हणणे असे की, जुन्या आखणीचा दर्जा तिच्यावरून आज किती वाहने धावतात यावर ठरवणे चुकीचे आहे. ती बंद पडली तर किती लोकांना दुसरी वाट उरत नाही, यावर तो ठरायला हवा. या दोन मोजमापांची उत्तरे बहुतेक ठिकाणी जुळतात. कोकणात ती वारंवार जुळत नाहीत.

माणगावचेच पाहू. महामार्ग गावाच्या मध्यातून जातो आणि शनिवार-रविवारी, गणपतीत, मे महिन्यात तिथल्या वाहनांच्या रांगा हा मुंबईकर चाकरमान्यांच्या बोलण्यातला कायमचा विषय आहे. पनवेल ते इंदापूर या पहिल्या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली, पण पुढची इंदापूर आणि माणगावची बाह्यवळणे वर्षानुवर्षे रखडत राहिली. ती पूर्ण झाली की रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याचा प्रवासी गाव टाळून निघून जाईल आणि बाजारातला रस्ता कागदोपत्री दुय्यम होईल. आता हरिहरेश्वरच्या प्रवाशाचा विचार करा. त्याचा म्हसळ्याकडचा रस्ता माणगावातूनच फुटतो. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे येणाराही माणगावलाच पोहोचतो. श्रीवर्धन, दिवेआगर, दिघी, हरिहरेश्वर या सगळ्या किनाऱ्यासाठी माणगावची जुनी आखणी बाह्यवळण झाल्यावरही मुख्यच राहणार. आणखी एक गंमत अशी, की दिघी बंदराकडे जाणारा माणगाव-म्हसळा रस्ता स्वतः ७५३ एफ या राष्ट्रीय महामार्गाचा भाग झाला आहे. म्हणजे दोन मोठ्या मार्गांना जोडणारा बाजारातला तुकडा तेवढा खालच्या पायरीवर जाण्याची शक्यता आहे, त्याच्यावरचा भार मात्र खालच्या पायरीचा असणार नाही.

पायरी बदलते म्हणजे काय होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात रस्त्यांची उतरंड आहे: राष्ट्रीय महामार्ग, प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, मग इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. बाह्यवळण झाले की मागे राहिलेला तुकडा केंद्राच्या यादीतून निघून राज्याकडे येतो. देताना एकदा डागडुजी करून द्यावी असे धोरण आहे. पुढची डांबराची परत, मोऱ्या, साइडपट्ट्या, घाटातले कठडे, पावसाळ्यात दरड उपसायला यंत्र तयार ठेवणे, हे सारे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकात शिरते आणि तिथे ते शेकडो इतर रस्त्यांच्या रांगेत उभे राहते. रांगेतला क्रम ठरवण्याचे मुख्य साधन म्हणजे वाहनगणना. ती साधारणपणे वर्षातून दोनदा, सलग सात दिवस होते. बारमाही वाहतुकीच्या रस्त्यासाठी ही पद्धत ठीक आहे. ज्या रस्त्यावर मंगळवारी सामसूम असते आणि दिवाळीच्या सुट्टीत, महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते, त्याची सरासरी काढणे म्हणजे ओहोटी आणि भरतीची सरासरी काढून खाडीची खोली सांगण्यासारखे आहे. त्या आकड्यावर कोणी होडी घालणार नाही. दर्जा हा वाहतुकीचाच आरसा असतो, हेही खरे नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, तेव्हा काही राज्यांना आपल्या शहरांतले राज्य महामार्ग हे मुळात महामार्गच नाहीत असा एकाएकी साक्षात्कार झाला. डांबर तेच, वाहने तीच, फक्त यादी बदलली.

यावर पहिला आक्षेप व्यापाराचा येतो, आणि तो उलट दिशेने येतो. जुन्या रस्त्याची एवढी काळजी कशाला, बाह्यवळणाने गावच मरते, तेव्हा बाह्यवळणच नको, असे बाजारपेठा म्हणतात. या भीतीचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले रूट ६६. १९२६ मध्ये नेमलेला हा मार्ग आंतरराज्य महामार्गांच्या जाळ्यामुळे मागे पडत १९८५ मध्ये यादीतूनच काढला गेला आणि त्यावर जगणारी कित्येक गावे ओस पडली. (आपल्या मुंबई-गोवा महामार्गाला, म्हणजे पूर्वीच्या १७ ला, २०१० च्या फेरक्रमांकनात ६६ हाच आकडा मिळाला, हा निव्वळ योगायोग.) परंतु तिथल्या ओसाड पडलेल्या अनेक वस्त्या रस्त्यासाठीच जन्मल्या होत्या: पेट्रोल, खाणावळ, रात्रीची खोली. माणगाव, महाड, पोलादपूर यांना स्वतःचे तालुके आहेत, कचेऱ्या, शाळा, दवाखाने, आठवड्याचे बाजार आहेत. थांबून वडापाव खाणारा प्रवासी कमी होईल. पण चार तास रांगेत अडकलेल्या गाडीतला माणूस दुकानात शिरतो, हाही भ्रमच आहे, आणि त्या रांगेमुळे मोर्ब्याचा शेतकरी बाजारात येणे टाळतो, हे नुकसान कोणी मोजत नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याच्या आधी लोणावळ्याबद्दलही असेच बोलले जात होते. दुचाकी आणि रिक्षांना द्रुतगती मार्गावर बंदी असल्याने आणि पथकर टाळणाऱ्यांमुळे जुना रस्ता वाहता राहिला, लोणावळ्याची चिक्कीही बंद पडली नाही. धाब्यांचे आणि टपऱ्यांचे नुकसान खरे आहे, ते त्या-त्या कुटुंबाला लहान वाटणार नाही. गावाचे मरण वेगळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. पैसा मर्यादित आहे. एकाच दिशेने जाणारे दोन-दोन रस्ते सारख्याच निगुतीने राखणे कुठल्या राज्याला परवडते? याला उत्तर देताना ‘सारख्याच’ हा शब्द मी सोडून देतो. जुना घाट चौपदरी असावा, त्यावर ताशी ऐंशीचा वेग मिळावा, असे कोणी म्हणत नाही. तो उघडा असावा, त्याच्या मोऱ्या तुंबलेल्या नसाव्यात आणि ट्रक त्यावरून सुखरूप उतरावा, एवढेच म्हणणे आहे. हे किती स्वस्त आणि किती गरजेचे आहे याचा पुरावा कशेडी घाटाने दिला. पोलादपूर आणि खेडच्या मधला हा वळणावळणांचा घाट टाळणारा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा सप्टेंबर २०२३ मध्ये गणेशोत्सवासाठी एका बाजूने हलक्या वाहनांना खुला झाला आणि घाटातली पाऊण तासाची चढउतार दहा-पंधरा मिनिटांवर आली. सण संपल्यावर उरलेल्या कामांसाठी तोच बोगदा पुन्हा बंद करावा लागला, आणि वाहने निमूट जुन्या घाटात परतली. घाट वापरण्याजोगा होता म्हणून ही बातमी आतल्या पानावर राहिली. याच्या उलट चिपळूणजवळचा परशुराम घाट. तिथे नवी आखणी निघाली नाही, जुनाच रस्ता डोंगर कापून रुंद केला. २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी तो रोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला आणि महामार्गावरची हलकी वाहने चिरणी-आंबडसच्या गावरस्त्यांवर उतरली. बाह्यवळण आणि रुंदीकरण यांतला हा फरक आपल्या चर्चेत फारसा येत नाही. बाह्यवळणाने वाटा दोन होतात. रुंदीकरणात नवा रस्ता जुन्याला गिळतो आणि कितीही पदर झाले तरी वाट एकच उरते, एक दरड तिला पुरते. बोरघाटात हेच झाले आहे. इतरत्र वेगळे असलेले द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग घाटाच्या एका टप्प्यात एकत्र येतात, आणि तिथे टँकर उलटला की दोन्ही मार्ग एकदमच थांबतात.

तिसऱ्या आक्षेपापुढे क्षणभर थांबावेच लागते, कारण तो सावित्रीच्याच काठावरचा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा, १९२८ मध्ये बांधलेला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. शेजारी नवा पूल होता. जुना एका दिशेच्या वाहतुकीसाठी वापरात ठेवला होता. जुने राखा म्हणणाऱ्याला हा प्रश्न विचारला जाणारच: ते राखल्यानेच ही माणसे गेली ना? प्रश्नातला राग रास्त आहे. मात्र तो पूल राखीव नव्हता, पर्यायी नव्हता. तो महामार्गाचा अर्धा भाग होता आणि पूर्ण भार वाहत होता. काही महिन्यांपूर्वीच त्याची तपासणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता. कमानींवरून नजर फिरवणाऱ्या तपासणीला पाण्याखालच्या पायाची झीज दिसत नाही. जुन्या बांधकामाला हलके काम द्यावे आणि त्याची तपासणी अधिक कडक असावी. इथे काम पूर्ण आणि तपासणी वरवरची, असा उलटा हिशेब झाला. त्याच रात्रीचा दुसरा धडा कमी सांगितला जातो. एक पूल गेला तरी कोकणचा रस्ता तुटला नाही, कारण शेजारचा पूल उभा होता. तपासणीनंतर त्याच्यावरून दोन्ही दिशांची वाहतूक सुरू झाली आणि नवा जोडीदार पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. दोन वाटा असण्याचा उपयोग जुन्या-नव्याचा भेद पाळत नाही; कधी नवी वाट जुनीला सांभाळते.

हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असायला हवा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि रस्त्यांवर पडलेली झाडे कापल्याखेरीज मदत आत येईना. पुढच्या वर्षी २२ जुलैला महाड पाण्याखाली गेले, तळिये गावावर दरड कोसळली, आणि बचावपथकांना तिथे पोहोचायलाच तास न् तास लागले. आंबेत आणि म्हाप्रळ यांना जोडणाऱ्या पुलाचे खांब कमकुवत झाल्याने तोही अलीकडच्या वर्षांत बंद ठेवावा लागला, आणि तिथे काही काळ फेरीबोट आणावी लागली. पूल झाला की बोट कायमची गेली, असे समजणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. मांडव्याचेही तसेच. खुष्कीचा मार्ग झाल्यावर मुंबईच्या बंदराबाहेर मोटारीही नेणारी बोट पुन्हा येईल असे कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी ती चालते, कारण रस्त्याने अलिबागला जायला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात समुद्र बंद होतो म्हणून आपण रस्ता केला. आता पावसाळ्यात रस्ता बंद होतो.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे: आडबाजूच्या रस्त्यावर नजर कमी असते. फेब्रुवारी १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स उतरले ते श्रीवर्धनच्या वरच्या शेखाडीला, आणि याच किनारी रस्त्यांवरून पुढे गेले. रस्ता दुय्यम ठरला की त्याच्याकडे बघणाराही दुय्यम होतो, याहून वाईट उदाहरण सापडणार नाही.

आता या किनाऱ्यावर चाक उलटे फिरू पाहत आहे. बॅरिस्टर अ. र. अंतुले, जे याच सावित्रीकाठच्या आंबेतचे, त्यांच्या काळापासून बोलला जाणारा रेवस-रेड्डी सागरी महामार्ग पुन्हा कामाच्या यादीवर आला आहे. आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांच्या मुखांवर पूल बांधायचे, म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी खर्च टाळण्यासाठी जे रुंद पाणी सोडून दिले तेच आता ओलांडायचे. बाणकोट खाडीवरच्या पुलाचे काम याआधीही सुरू होऊन वर्षानुवर्षे रखडले होते. तो पूल उभा राहील तेव्हा हरिहरेश्वरचे टोकपण जाईल, आणि त्याच दिवशी इथे एक नवी जुनी आखणी जन्माला येईल: बागमांडल्याच्या धक्क्यापर्यंतचा अरुंद रस्ता आणि त्यापुढचे पाणी. पुलावरून वेश्वी काही मिनिटांवर आल्यावर जंगलजेटीला गिऱ्हाईक किती उरेल, हे सांगायला वाहनगणनेची गरज नाही. मग वादळात पूल बंद ठेवायचा झाला, किंवा आंबेतसारखे याही पुलाचे खांब तपासायला निघाले, तर तो धक्का वापरता येईल की नाही हे कोणाच्या हातात असेल? सध्या धक्क्यापर्यंतचे डांबर बांधकाम विभागाचे, पाण्यात उतरणारा काँक्रीटचा उतार महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीतला आणि बोट खासगी चालकाची आहे.